लंडनहून गाडी परत आणताना: कंटेनर की रो-रो?

नेपाळ, तिबेट, मध्य आशिया, रशिया करत स्वतःच्या गाडीने लंडन गाठायचं, तर जातानाचं नियोजन महिनोन्‌महिने चालतं. व्हिसा, चीनमधला गाइड, डिझेल कुठे मिळेल, सगळं ठरलेलं असतं. परतीचं मात्र ‘तिकडे पोचल्यावर बघू’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि खिशाला खरी चाट तिथेच बसते.

आधी दोन पर्याय बाजूला काढू. गाडी तिकडेच विकून यावं, हा विचार करू नका. पाहुणा म्हणून नेलेली परदेशी नंबरची गाडी ब्रिटनमध्ये साधारण सहा महिने चालवता येते. विकायची तर आयात शुल्क, व्हॅट आणि तिथल्या नियमांप्रमाणे गाडीची मंजुरी, हे सगळं अंगावर येतं. दुसरा पर्याय विमानाचा. हवाई मालाचं भाडं वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं, दर घनमीटरला १६७ किलो धरून. स्कॉर्पिओ-एनच्या आकाराची गाडी साडेसोळा घनमीटरच्या आसपास भरते, म्हणजे भाडं पावणेतीन टनांचं. फार निकड असेल तरच.

उरले दोन. रो-रो म्हणजे काय हे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी घेऊन गेलेल्यांना सांगायला नको: जहाजावर चालवत चढवायची, चालवत उतरवायची. फरक एवढाच की इथे तुम्ही गाडीबरोबर नसता. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन किंवा बेल्जियममधल्या झीब्रुखच्या बंदरात किल्ली देऊन निघायचं, आणि त्यानंतर गाडी कोणकोण हलवतं यावर तुमचा ताबा नाही. म्हणून बहुतेक रो-रो कंपन्या गाडीत सामान ठेवू देत नाहीत. स्टेपनी आणि जॅक चालतात. तंबू, स्टोव्ह, कपडे, फ्रिज नाही. कित्येक महिने ज्या गाडीत संसार केला ती पूर्ण रिकामी करायची आणि सामानाची वेगळी सोय बघायची. तो खर्च रो-रोच्या कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही.

भाड्याचा हिशेबही नीट समजून घ्या. रो-रोचं भाडं बहुधा घनमीटरवर असतं. स्कॉर्पिओ-एन मूळ उंचीला १६.६ घनमीटर भरते. टपावर कॅरिअर आणि घडीचा तंबू धरून उंची २.२ मीटर झाली की तीच गाडी १९.७ वर जाते. तंबू उतरवून ठेवायला जागा नाही, आणि टपावर ठेवला तर भाडं जवळपास पाचव्या हिश्शाने वाढतं.

कंटेनरमध्ये ही भानगड नाही, कारण भाडं अख्ख्या पेटीचं असतं. २० फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद. दाराची उंची २.२८ मीटर. साडेचार-पावणेपाच मीटरची एसयूव्ही बसून पुढेमागे मिळून मीटरभर जागा उरते. तिथे तंबू, टायर, खोकी बांधून ठेवता येतात.

भरताना शक्य असेल तर स्वतः हजर राहा. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १.९२ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर जागा. आरसे मिटून गाडी इंचाइंचाने आत जाते, आणि मग दार उघडत नाही. चालवणारा खिडकीतून नाहीतर मागच्या दारातून बाहेर पडतो. नंतर चाकांपुढे लाकडी ठोकळे, चारही चाकांना रॅचेटचे पट्टे, बॅटरीची तार काढलेली, टाकीत जेमतेम इंधन. पट्टे चाकांना बांधतात की चॅसीला, हे विचारा. चॅसीला बांधले तर समुद्रात गाडी सस्पेन्शनवर डुलते आणि पट्टे ढिले पडतात. शेवटी दाराला लागलेल्या सीलचा नंबर दिसेल असा फोटो काढा.

सोबत दुसरी गाडी असेल तर ४० फुटी कंटेनर घ्या. आतून बारा मीटर असतो, दोन गाड्या आरामात बसतात आणि भाडं २० फुटीच्या दुप्पट नसतं. मला विचाराल तर सगळ्यांत चांगला सौदा हाच. अनोळखी लोकांबरोबर कंटेनर वाटून घेणं मात्र स्वस्त दिसलं तरी टाळा. पेटी भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि एकाची कागदपत्रं कस्टम्समध्ये अडली की सगळ्यांची गाडी अडते.

रो-रो घ्यावं ते एकाच परिस्थितीत: गाडी कंटेनरच्या दारातून जातच नसेल तर. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या उंच गाडीचा कॅम्पर केला असेल तर प्रश्नच मिटतो. पण युरोपातून मुंबईकडे रो-रो जहाजं विरळ. कंटेनर जहाजं न्हावाशेव्याला दर आठवड्याला येतात.

आता कोटेशन. ‘पोर्ट टू पोर्ट’ आकडा वाचून हुरळून जाऊ नका. न्हावाशेव्याला टर्मिनल हँडलिंग, शिपिंग लाइनचे डिलिव्हरी ऑर्डरचे (माल सोडण्याच्या परवानगीचे) पैसे, सीएफएसचं म्हणजे बंदराजवळ कंटेनर ठेवतात-उघडतात त्या आवाराचं भाडं, क्लिअरिंग एजंटची फी, हे सगळं वेगळं. मोफत दिवस संपले की कंटेनरवर दिवसाच्या हिशेबाने डिमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतं. म्हणून दोन्ही पर्यायांचे आकडे ‘गाडी गेटबाहेर येईपर्यंत एकूण किती’ असे लेखी मागा आणि इथला एजंट जहाज सुटण्यापूर्वी ठरवून ठेवा.

विमा वेगळाच काढावा लागतो. भारतातली मोटार पॉलिसी समुद्रात लागू नाही. ‘ऑल रिस्क’ मरीन विमा घ्या, आणि त्यात जनरल अॅव्हरेज धरलंय का ते बघा. जहाज वाचवायला झालेला खर्च त्यावरच्या सगळ्या मालाच्या मालकांत वाटला जातो, तुमच्या गाडीला ओरखडाही नसला तरी. २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुवेझमध्ये अडकलं तेव्हा हेच झालं.

वेळेचा हिशेब कार्नेटवरून, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशी नेऊन शुल्काशिवाय परत आणण्यासाठीच्या कस्टम्सच्या कागदावरून, उलटा मांडा. कार्नेट एक वर्षाचं असतं. सुवेझमार्गे साधारण तीन-चार आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा त्यात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. मुदत संपायला किमान तीन महिने असताना गाडी बंदरात द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये कार्नेट लागत नाही, त्यामुळे ते ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून राहतं आणि गाडीबरोबर कंटेनरमध्ये बंद होतं. ते काढून हातातल्या बॅगेत घ्या. न्हावाशेव्याला एजंटला मूळ प्रतच लागते. कस्टम्सचा माणूस चॅसी आणि इंजिन नंबर त्यावरूनच पडताळतो. कार्नेटवर नोंदलेल्या गोष्टीच गाडीच्या समजल्या जातात. युरोपात घेतलेला नवा फ्रिज त्यात येत नाही, त्याची पावती जवळ ठेवा. परतीचा शिक्का बसला की कार्नेट ज्या संस्थेने दिलं तिच्याकडे लगेच जमा करा, कारण त्यानंतरच कार्नेटसाठी दिलेली बँक गॅरंटी सोडवण्याचं काम सुरू होतं.