अ‍ॅक्टिव्ह साइट शोधायची तर सरसकट अ‍ॅलनिन की मोजकी अमिनो आम्लं?

खारघरला एम.एस्सी.चा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट करणाऱ्या ज्युनिअरने परवा फोनवर विचारलं, “ताई, एन्झाइममध्ये तीनशेच्या आसपास अमिनो आम्लं आहेत. अ‍ॅक्टिव्ह साइट, म्हणजे क्रिया घडते ती खोबणी, शोधायला बदलू कुठली?”

एक वाट अ‍ॅलनिन स्कॅनिंगची. एका पट्ट्यातलं एकेक अमिनो आम्ल ओळीने काढून तिथे अ‍ॅलनिन बसवायचं. अ‍ॅलनिनची बाजूची साखळी म्हणजे एक मिथाइल गट. त्यामुळे जुन्या साखळीचं काम तेवढं जातं, प्रथिनाची घडी बहुधा टिकते. आधीच कुणावर संशय धरावा लागत नाही. पण पट्टा चाळीसचा असेल तर चाळीस म्युटंट, म्हणजे एकेक अमिनो आम्ल बदललेली एन्झाइमं; बदल घडवणारे डीएनएचे तुकडे (प्रायमर), सीक्वेन्सिंग, शुद्धीकरण सगळं चाळीस वेळा. एकटीच्या हातून सहा महिन्यांत ते होणार नाही.

दुसऱ्या वाटेत जातभाई एन्झाइमांचे क्रम एकाखाली एक लावायचे आणि सगळ्यांत कायम राहिलेली, खोबणीकडे तोंड असलेली तीन-चार हेरायची. सबटिलिसिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमवरचं १९८८ चं काम पाहा. २२१व्या जागचं सेरीन किंवा ६४व्या जागचं हिस्टिडीन काढून अ‍ॅलनिन घातल्यावर केकॅट, म्हणजे क्रियेचा वेग, सुमारे २० लाख पटींनी पडला, ३२व्या जागचं अ‍ॅस्पार्टेट काढल्यावर ३० हजार पटींनी. केएम, म्हणजे सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) किती सहज बसतो याचा अंदाज देणारा आकडा, मात्र जवळपास होता तिथेच. म्हणजे सब्स्ट्रेट येऊन बसतोय, पुढची क्रियाच अडली आहे. उरलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीच्या नुसत्या टक्केवारीतून हे कधीच कळलं नसतं.

धोका इथेही आहे. ग्लायसिन, प्रोलीन घडीसाठीसुद्धा कायम राहतात, आणि घडी मोडली तरी अ‍ॅक्टिव्हिटी शून्यच दिसते. म्युटंटचा सीडी स्पेक्ट्रम (प्रथिनाची घडी प्रकाशाने तपासणारी चाचणी) मूळ एन्झाइमशी जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

माझ्या एका म्युटंटचा क्युव्हेट (मोजणीची छोटी कुपी) दहा मिनिटांत फिकट पिवळा व्हायचा; सब्स्ट्रेट तुटून पिवळं पॅरा-नायट्रोफिनॉल सुटत होतं. महिनाभर मी ती म्युटंटचीच उरलेली अ‍ॅक्टिव्हिटी धरली. पण आदल्या आठवड्यात त्याच निकेल कॉलमवर (एन्झाइम धरून वेगळं करणारी नळी) मूळ एन्झाइम शुद्ध केलं होतं, त्याचाच अंश उतरत होता! कॉलममध्ये नवं रेझिन, म्हणजे आतलं भरण, घातल्यावर रंग आलाच नाही.

तिला मी दुसरी वाट सांगितली. तीन संशयित, तिन्हींच्या जागी अ‍ॅलनिन. अ‍ॅस्पार्टेटच्या जागी अ‍ॅस्पॅराजिनही करून बघ, आकार जवळपास तोच राहून ऋणभार तेवढा जातो. खोबणीपासून दूरचं एक ताडून पाहायला. जातभाई सापडतच नसतील आणि हाताशी पीएच.डी.ची वर्षं असतील, तर मात्र स्कॅनिंगच करावं. रेझिन दोन्हीकडे दर म्युटंटला नवं.