बीसीएम गेलं म्हणून सांगितलंय? आधी या भाऊले गाडी दाखवा

दारव्हा-दिग्रस रोडवर टिनाचं एक शेड आहे, बाहेर ट्रॅक्टरचे सेल्फ अन् डायनामो पडलेले असतात, त्यामुळं आतला माणूस गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम इतकं नीट करत असन असं कोणाला वाटणारच नाही. पाचपैकी चार स्टार. एक काऊन कापला ते खाली आहेच.

माझ्या गाडीचा प्रॉब्लेम असा की हेडलाईट लावले की वायपर आपोआप एक फेरा मारायचा, हॉर्न दाबला तर सेंट्रल लॉक खटखट करायचं, अन् रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी डाऊन. पावसात जास्त, चार दिवस ऊन पडलं की कमी. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला नेली तर स्कॅनर लावला, यू०१४० कोड निघाला, अन् लगेच एस्टिमेट हातात: नवीन बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम, त्याचं कोडिंग, चाव्यांचं प्रोग्रामिंग. आकडा पाहून सोयाबीनचे भाव आठवले, बाकी काही नाही. एकानंही डॅशबोर्डखाली वाकून पाह्यलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाईट, वायपर, काचा, लॉक, आतला दिवा हे सगळं ज्या डब्यातून चालतं तो बीसीएम. यू०१४० म्हणजे बाकीच्या मॉड्यूल्सना त्याच्याकडून मेसेज मिळत नाही, बस एवढंच. तो खराब आहे असं त्यात कुठंच लिहिलेलं नसते. हे मला या भाऊनं एका वाक्यात सांगितलं, "हजेरीले पोट्टं बोललं नाही म्हणजे मेलं काय? वर्गाचं दारच बंद असन तं बोलन कसं!"

त्यानं आधी स्कॅनरला हातच लावला नाही. बॅटरीचं टर्मिनल काढलं, ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात ते) ६ अन् १४ नंबरच्या पिनवर मल्टिमीटर ठेवला, ६० ओहमच्या आसपास रीडिंग आलं. मॉड्यूल्स एकमेकांशी ज्या दोन वायरींवरून बोलतात त्या कॅन लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही समांतर म्हणून ६०. एकीकडं तुटलं असतं तर १२० दिसलं असतं, दोन वायर एकमेकींना चिकटल्या असत्या तर शून्याजवळ. म्हणजे लाईन ठीक. मग बॅटरी जोडून हेडलाईट लावले अन् बीसीएमच्या अर्थपासून (गाडीच्या पत्र्याला बोल्टनं जोडलेली वायर) बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजला. तिथं ०.१ च्या वर जायला नको, माझ्याकडं पाऊण व्होल्ट पडत होता! लाईटचा करंट त्या गंजलेल्या बोल्टमधून जाताना मॉड्यूलची अर्थच वर उचलली जायची अन् बिचारं मॉड्यूल स्विच चुकीचे वाचायचं, म्हणून लाईट लावले की वायपर हलायचा. अर्थ जास्तच बिघडली की ते रीसेट व्हायचं, तेवढ्यात कोड पडायचा.

पाणी कुठून आलं तेही शोधलं, अन् मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. समोरच्या काचेखाली पाणी वाहून जायची जी जागा असते ती लिंबाच्या पाल्यानं पूर्ण बुजलेली (गाडी लिंबाखालीच उभी असते, खेड्यात सावली दुसरी कुठली), ते पाणी आत उतरून कनेक्टरवर हिरवा जंग चढलेला. पाला काढला, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ केल्या, अर्थचा बोल्ट घासून पत्रा चमकेपर्यंत मोकळा केला. मग बॅटरीचा ड्रेन, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरी काऊन उतरते ते. आधी बंद गाडी ०.४ अँपिअर खात होती, म्हणजे २४ तासांत जवळपास साडेनऊ अँपिअर-अवर, छोट्या बॅटरीचं काय उरते मग. ओल्या कनेक्टरमुळं दार उघडंच आहे असं समजून मॉड्यूल झोपतच नव्हतं. काम झाल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबला अन् मगच मोजलं, ५० मिलिअँपिअरच्या खाली. खर्च हजाराच्या आत.

टेस्ट लॅम्पची सुई वायरीत खुपसत नाही हा अजून एक गुण. आपल्याकडं बरेच जण ते करतात, त्याच भोकातून पाणी शिरून पुढच्या पावसाळ्यात नवीन फॉल्ट तयार.

आता एक स्टार कापला त्याचं. फोन उचलत नाही. बिल मागितलं तं कागदाच्या चिटोऱ्यावर मिळते, वॉरंटीत असलेल्या गाडीसाठी हे चालत नाही, तिथं अधिकृत ठिकाणीच जा. बसायला एक खुर्ची, तिच्यावर बहुतेक बॅटरी ठेवलेली. अन् त्याचा स्कॅनर सगळ्या कंपन्यांच्या बीसीएममध्ये शिरत नाही, ते तो स्वतःच आधी सांगते, फसवत नाही.

मोबाईलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घेऊन स्वतःच शोधू असं कोणी म्हणत असन तं तो बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतो, बॉडीचे नाही. भंगारातला बीसीएम आणून लावायचाही विचार करू नका, इमोबिलायझरची (चावी ओळखून गाडी चालू होऊ देणारी सिस्टम) जुळणी नसली तर बऱ्याच गाड्या चालूच होत नाहीत, अन् मग तोच कोडिंगचा खर्च डोक्यावर.

पेरणीच्या दिवसांत अन् बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यांची लाईन असते तेव्हा सकाळीच जा, दोन्ही चाव्या सोबत न्या, अन् फॉल्ट कधी येते कधी नाही ते नीट सांगा, तो बराच वेळ तेच विचारत बसते.