व्हीबीएमध्ये .व्हॅल्यू गाळायचं की लिहायचं? सहा महिन्यांच्या वापरानंतर

एक्सेलच्या मॅक्रोमध्ये, म्हणजे व्हीबीए भाषेतल्या कोडमध्ये, नुसतं रेंज("ए१") लिहिलं तरी सेलमधला आकडा हाती येतो, कारण रेंजची डीफॉल्ट प्रॉपर्टी (काही न लिहिल्यास आपोआप धरला जाणारा गुण, इथे .व्हॅल्यू म्हणजे सेलची किंमत) न सांगता लागू होते. गेले सहा महिने ही सवलत न घेता, किंमत हवी तिथे दरवेळी .व्हॅल्यू किंवा .व्हॅल्यू२ लिहून काम केलं. टायपिंग वाढलं, पण आता जुन्या पद्धतीकडे परत जावंसं वाटत नाही.

सगळ्यात घातक प्रकार 'सेट' राहून जाण्याचा. व्हेरिएबलला किंमत नव्हे तर अख्खा ऑब्जेक्ट (उदा. सेल) जोडायचा असेल तर ओळीच्या सुरुवातीला हा शब्द लागतो. आर हे रेंज प्रकारचं व्हेरिएबल आहे आणि ते आधीच ए१ वर सेट झालंय असं समजा. पुढे लूपमध्ये कुठेतरी आर = रेंज("बी१") लिहिलं गेलं. आर तिकडे वळत नाही. बी१ मधली किंमत ए१ मध्ये जाऊन बसते. तिथे फॉर्म्युला असेल तर तो गेला, आणि मॅक्रोने केलेला बदल अनडूने परत येत नाही. आर नथिंग (म्हणजे कशालाच न जोडलेलं) असतं तर निदान ९१ नंबरची एरर आली असती. .व्हॅल्यू लिहायची शिस्त लावली म्हणून एक्सेल ही चूक अडवत नाही, हे खरं. पण डावीकडे .व्हॅल्यूशिवाय उघडं आर आणि त्याआधी सेट नाही, अशी ओळ दिसली की नजर तिथेच थांबते.

दुसरा त्रास डिक्शनरीचा, म्हणजे प्रत्येक नोंद एका वेगळ्या 'की'खाली ठेवणाऱ्या यादीचा. फॉर ईच सी (एकेक सेल सी म्हणून घेणारं लूप) लावून डिक्ट(सी) = १ असं लिहिलं, तर की म्हणून किंमत जात नाही, अख्खा रेंज ऑब्जेक्ट जातो. प्रत्येक सेल वेगळा ऑब्जेक्ट, त्यामुळे ५०० ओळींत ४० च वेगळी नावं असली तरी काउंट ५०० येतो. शोधायला गेलं की आणखी गोंधळ: डीबग.प्रिंटने की छापली तर नावच दिसतं, कारण छापतानाही डीफॉल्ट प्रॉपर्टीच कामाला लागते. टाइपनेम(की) म्हणजे कीचा प्रकार विचारला की 'रेंज' असं उत्तर येतं, तेव्हा कळतं. उपाय एवढाच: डिक्ट(सी.व्हॅल्यू२).

.व्हॅल्यू२ का? करन्सी फॉरमॅटच्या सेलमधला १२.३४५६७८ हा आकडा .व्हॅल्यूने घेतला तर करन्सी प्रकारात येतो आणि चार दशांश स्थळांवर १२.३४५७ होतो. न लिहिता जे लागू होतं तेही .व्हॅल्यूच, म्हणजे तिथेही हेच. .व्हॅल्यू२ पूर्ण आकडा देतो. तारखा मात्र त्यातून क्रमांकाच्या रूपात येतात, तिथे .व्हॅल्यूच ठेवावं.

इफ रेंज("ए१:ए५") = "" ला १३ नंबरची एरर येते, कारण अनेक सेलची किंमत म्हणजे द्विमितीय ॲरे (ओळी-रकान्यांचा तक्ता), एक किंमत नव्हे. सेलमध्ये #एन/ए असेल तरी हीच एरर, आणि .व्हॅल्यू लिहूनही ती टळत नाही. सेलमध्ये एरर आहे का, हे आधी इझएरर फंक्शनने तपासावं लागतं.

वर्कशीट्स("जमा") किंवा कलेक्शन(३) मध्येही आयटम ही डीफॉल्ट प्रॉपर्टी न लिहिता लागू होते. ते तसंच ठेवलंय. कंसात आर्ग्युमेंट असतं, घोटाळ्याला जागा नाही. २००२ मध्ये व्हीबी डॉट नेट आलं तेव्हा त्यातही आर्ग्युमेंट घेणाऱ्या डीफॉल्ट प्रॉपर्टीच ठेवल्या, बाकीच्या काढल्या.

जुन्या कोडमध्ये या जागा फाइंडने सापडत नाहीत, कारण न लिहिलेला शब्द शोधणार कसा? त्यासाठी रबरडक हे मोफत ॲड-इन लावावं. त्याच्या कोड इन्स्पेक्शनमध्ये अशा ओळी वेगळ्या दाखवल्या जातात. सुरुवात डिक्शनरी वापरणाऱ्या मॉड्यूलपासून करावी.