आठ शाफ्टचा माग आणि त्याची गंजकी फणी: पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

माझ्या हातमागाचे स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, आठ शाफ्ट (ताण्याचे म्हणजे उभे धागे उचलणाऱ्या चौकटी), दहा पॅडल, जॅक टाइप (पॅडल दाबलं की शाफ्ट वर जातो), ते परत लिहीत नाही. लिहायला बसले कारण परवा विक्रेत्याचा सर्व्हिसवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, समुद्राजवळ गंज धरणारच, वॉरंटीत बसत नाही, रूमला एसी लावा." वेंगुर्ल्यात, भर जुलैत, लाईट दुपारी गेली की रात्री येते, तिथे मागाला एसी!

भानगड सगळी फणीची, म्हणजे जिच्या पात्यांमधून ताणा जातो आणि जी आडवा धागा ठोकून बसवते तिची. लाकूड उत्तम, पावसात कुठे फुगलं नाही. पण फणी साध्या स्टीलची. खारा वारा तिला मे महिन्यातच लागला, मृग लागल्यावर तर पात्यांवर तपकिरी पूडच. ठोका मारला की ती पूड पांढऱ्या सुतावर, सूत आधीच दमट, डाग आत मुरतो. मी ह्या मागावर टॉवेल विणून ओळखीच्या होमस्टेवाल्यांना देते. आता पाहुण्याला कोण समजावणार की बाबा हा फणीचा गंज आहे, तो भलताच अर्थ काढून मोकळा होतो. लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकलं की डाग जातो, पण ऊन आणायचं कुठून? आणि ब्लीच मुळीच घालू नका, गंजाचा डाग त्याने पक्का होतो. फणीला तेल पुसा असं सर्व्हिसवाल्याने सुचवलं, म्हणजे गंजाऐवजी तेलाचे डाग. मेण लावून पाहिलं, थोडे दिवस बरं जातं, मग परत घासत बसा. पूर्वी फण्या बोरू-बांबूच्या असायच्या, त्यांना हा ताप नव्हता. एवढ्या महागाच्या मागाबरोबर स्टेनलेसची फणी द्यायला काय होतं हो?

गंमत म्हणजे हेडल (शाफ्टवरचे, एकेक धागा ओवायचे फासे) पॉलिएस्टरच्या दोऱ्याचे दिलेत. माग नोव्हेंबरात आला तेव्हा मी नाक मुरडलेलं, तारेचे का नाही दिले, इथेही पैसे वाचवले म्हणून. आता म्हणते वाचवले तेच बरं केलं, नाहीतर फणीच्या जोडीला शेकडो गंजक्या तारा घासत बसले असते.

दमट हवेचंही तसंच. कापूस ओलाव्याने उलट मजबूत होतो, पावसात माझा ताणा जवळपास तुटलाच नाही. तुटला तो डिसेंबर-जानेवारीत, सकाळी घाटाकडून कोरडा वारा सुटतो तेव्हा. तेव्हा मागाखाली ओलं फडकं पसरून ठेवायचे.

वॉफलबद्दल, म्हणजे चौकोनी खळग्यांच्या विणीच्या टॉवेलबद्दल, सगळे विचारतात म्हणून सांगते. 2/10 चं (दहा नंबरचं दोन पदरी) सूत, इंचाला 24 धागे, मागावर 24 इंच रुंद, म्हणजे 576 धागे ओवायचे. धुतल्यावर रुंदी 19 च्या आसपास येते, पाचवा हिस्सा गेला, पोटात दुखतं. वर प्रत्येक ताण्याला शेवटचं पाऊण मीटर सूत विणताच येत नाही, म्हणून मी ताणा लांबच चढवते. पण टॉवेल झक्कास! जाड टेरीचा टॉवेल आमच्याकडे पावसात तीन दिवस वाळत नाही नि कुबट वास मारतो, हा पंख्याखाली रात्रीत वाळतो. शेजारच्या काकी पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "गो बाय, ह्यो टॉवेल की जाळी?" आता त्यांनाच दोन हवेत, फुकटात अर्थातच.

तर फणी शेवटी इचलकरंजीहून स्टेनलेसची करून घेतली, विक्रेत्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात. एक लक्षात ठेवा, इंचाला 12 घरं (पात्यांमधल्या फटी) हवी असतील तर ऑर्डर 24 नंबरची द्यायची, आपल्याकडे फणीचा नंबर दोन इंचातल्या घरांवर असतो. 12 नंबर सांगितलात तर इंचाला सहाच घरं येतील आणि परत कोण घेणार! मी चालू ताणा संपेपर्यंत थांबले, 576 धागे मधेच उपसून परत भरायची माझी तयारी नव्हती. नवीन फणीवर ह्या पावसात अजून ठिपकाही नाही.

मागाला चार स्टार, सर्व्हिसला अर्धा, तोही फोन उचलला म्हणून. आणि फक्त टॉवेलच विणायचे असतील तर आठ शाफ्ट घेऊ नका. हकबॅक (टॉवेलचीच दुसरी एक वीण) चारात आरामात होतं, वॉफलही होतं, खळगे जरा उथळ येतात एवढंच. वाचलेल्या पैशात पहिल्या दिवसापासून स्टेनलेसची फणी लावा.