चालता चालता मोबाईल चार्ज करणारा सोल: चप्पल दुकानदारांनो, सावध राहा

महाद्वार रोड, चप्पल लाईनच्या दुकानदारांनी हे जरूर वाचावं. ‘नॅनोफायबरचा सोल, चाला आणि मोबाईल चार्ज करा’ असं सांगत एजन्सी देणारा एक माणूस कोल्हापुरात फिरतोय. माझ्याकडून त्याने ४५ हजार डिपॉझिट ऑनलाइन घेतलं, थोडे नमुने हातावर टेकवले आणि आता फोन बंद.

दुकानात त्याने बुटात सोल घातला, वायर मोबाईलला जोडली, चार पावलं टाकली. चार्जिंगचं चिन्ह आलं. मग उभ्या उभ्या चहा पीत बोलत राहिला, तरी चिन्ह गेलं नाही. खोट आहे ती इथेच. माझा भाचा फिजिक्स शिकतो. त्याने नेमकं बोट ठेवलं, “मामा, माणूस उभा असताना वीज येईलच कशी?” असा सोल चालतो तो पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबामुळे वीज देणाऱ्या पदार्थावर. तो दाब बदलला तरच वीज देतो. दाबलं की एक झटका, सोडलं की उलटा झटका. दाबून धरलं की व्होल्टेजचा आकडा शून्यावर येतो.

आम्ही ब्लेडने सोल फाडला. फोममध्ये मास्कच्या कापडासारखा पांढरा तुकडा, त्याला एकही वायर नाही. टाचेखाली सेलोटेप गुंडाळलेली चपटी लिथियम बॅटरी आणि नखाएवढं सर्किट. अशी बॅटरी सतत चेपली गेली तर पेट घेऊ शकते. गिऱ्हाइकाच्या पायाखाली हे द्यायला निघाला होता, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे.

खरा पदार्थ आहे, आणि गुणी आहे. पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा दाबामुळे वीज देण्याचा गुण जपानच्या कवाई यांनी १९६९ साली दाखवला. त्याचं द्रावण हजारो व्होल्ट देऊन सुईतून ओढलं की केसाहून कितीतरी बारीक तंतू निघतात, तेच नॅनोफायबर. नाडी, श्वास, पावलाचा दाब टिपायला ते उत्तम. पण चार्जिंग? अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेने १९९८ मध्ये पीव्हीडीएफ बुटात घालून पाहिलं, तर चालताना सरासरी १ मिलिवॅटच्या, म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागाच्या आसपास वीज मिळाली. मोबाईलची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १८ वॉट-तास. म्हणजे १८ हजार तास, रात्रंदिवस दोन वर्षं चालत राहायचं!

कुणी नमुना आणला तर सोलच्या वायरला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून सोल दाबून धरा. व्होल्टेज टिकून राहिलं तर आत बॅटरी आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. माझी तक्रार गेली आहे. फाडलेला सोल दुकानात ठेवलाय, कधीही येऊन बघा.