मायक्रोटिक हेक्स: दहा-वीस जणांच्या कार्यालयाला पुरेल, पण मांडणी नीट हवी

मायक्रोटिक कंपनीचा हेक्स, म्हणजे इथे आरबी७५०जीआर३ हे मॉडेल, हा पाच गिगाबिट पोर्टचा तळहाताएवढा राऊटर आहे. आत दोन कोअरचा ८८० मेगाहर्ट्झ प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि फक्त १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण). वायफाय नाही, पंखा नाही. म्हणजे ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे यंत्र) आणि बहुधा एक स्विच (जास्तीचे पोर्ट देणारा डबा) वेगळा घ्यावाच लागतो. लहान संस्थेला हे उलट सोयीचे: वायफाय बिघडले तर फक्त ॲक्सेस पॉइंट बदलायचा, राऊटरला हात लावायचा नाही.

वीजपुरवठ्यात लोक हमखास फसतात. पोर्ट १ वर पॅसिव्ह पीओई, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच थेट मिळणारी वीज, चालतो, पण ८ ते ३० व्होल्टच. कॅमेऱ्यांसाठी घेतलेल्या ८०२.३एएफ स्विचला (तो समोरचे यंत्र ओळखूनच वीज सोडतो) जोडला तर तो चालूच होणार नाही, आणि ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर लावला तर जळू शकतो. सोबतचा ॲडॉप्टर वापरा आणि तो यूपीएसवर ठेवा. आत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज जाऊन आली की एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेणारी सेवा) जुळेपर्यंत तारीख चुकीची, आणि तेवढ्या वेळात प्रमाणपत्रावर चालणारा व्हीपीएन (बाहेरून कार्यालयात येण्याची सुरक्षित जोडणी) रुसून बसतो.

पहिल्यांदा विनबॉक्सने (मायक्रोटिकचे मांडणी करायचे सॉफ्टवेअर) आत गेलात की डीफॉल्ट कॉन्फिगरेशन ठेवायचे का, असे विचारले जाते. ठेवा. ‘रिमूव्ह’ दाबले की फायरवॉलही (नको ती वाहतूक अडवणारे नियम) जाते. डीफॉल्टमध्ये पोर्ट १ इंटरनेटसाठी, २ ते ५ एका ब्रिजमध्ये (एकाच जाळ्यात जोडलेले), आणि पत्ता १९२.१६८.८८.१. मग राऊटरओएस, म्हणजे राऊटरची कार्यप्रणाली, अद्ययावत करा. त्यानंतर ‘राऊटरबोर्ड’ मेनूतून फर्मवेअर अपग्रेड करून पुन्हा रीबूट करायचे असते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. फ्लॅश लहान असल्यामुळे नको ती पॅकेजे आणि जुन्या बॅकअप फायली आधी काढा, नाहीतर जागा नाही म्हणून अपडेट अडते. टेलनेट आणि एफटीपी या जुन्या, असुरक्षित सेवा बंद करा. विनबॉक्स बाहेरून उघडा ठेवू नका; २०१८ मध्ये त्यातल्याच एका त्रुटीतून पासवर्ड चोरले गेले होते.

पाहुण्यांचे वायफाय वेगळे करायला व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळे केलेले जाळे) लागतो, आणि खरी कसोटी तिथे लागते. क्रम चुकला तर स्वतःच बाहेर अडकता. आधी पोर्ट ५ ब्रिजमधून काढा, त्याला वेगळा आयपी (पत्ता) द्या आणि ‘लॅन’ (आतले जाळे) इंटरफेस यादीत घाला, म्हणजे काही चुकले तरी आत जायला एक वाट उरते. यादीत नसेल तर फायरवॉल तुम्हालाच अडवेल. मग ब्रिजच्या व्हीलॅन तक्त्यात पाहुण्यांच्या व्हीलॅनचा क्रमांक भरा, टॅग्ड (क्रमांकाची खूण लावून वाहतूक जाणारे) म्हणून ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट आणि खुद्द ब्रिज, दोन्ही लिहा. ब्रिज राहिला की पाहुण्यांच्या फोनला डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ताच मिळत नाही, आणि लोक उगाच ॲक्सेस पॉइंटला दोष देतात. त्यानंतर व्हीलॅन इंटरफेस, त्याचा आयपी, डीएचसीपी. ‘व्हीलॅन फिल्टरिंग’ची खूण सगळ्यात शेवटी, आणि तीही सेफ मोड चालू करून: संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे घेतले जातात.

एवढे करूनही पाहुण्यांना कार्यालयाचा प्रिंटर दिसतो. डीफॉल्ट फायरवॉल बाहेरून येणारे अडवते, आतल्या दोन जाळ्यांमधले नाही. त्यासाठी फॉरवर्ड साखळीत (राऊटरमधून पुढे जाणाऱ्या वाहतुकीच्या नियमांत) ‘ड्रॉप’चा, म्हणजे अडवण्याचा, नियम स्वतः घालावा लागतो.

वेगाची तक्रार नाही, पण एक मेख आहे. डीफॉल्टमधला फास्टट्रॅक नियम पॅकेटना (डेटाच्या तुकड्यांना) प्रोसेसरचे बरेच काम वगळून पुढे ढकलतो, म्हणून गिगाबिट जोडणीही झेपते. मात्र अशा पॅकेटना सिंपल क्यू, म्हणजे वेगमर्यादेचा नियम, लागू होत नाही. कोणी व्हिडिओ पाहून जोडणी खाते म्हणून मर्यादा घातली आणि काहीच फरक पडला नाही, तर कारण बहुतेक वेळा हेच. फास्टट्रॅक काढला की मर्यादा लागू होते, पण प्रोसेसरवर ताण येतो आणि वेगवान जोडणीचा पूर्ण वेग मिळत नाही.

बॅकअप दोन प्रकारे घ्या: ‘.बॅकअप’ फाइल त्याच यंत्रासाठी, आणि ‘एक्सपोर्ट’ने मजकुरी प्रत, दुसऱ्या यंत्रावर मांडणी उभी करायला. राऊटरओएसच्या सातव्या आवृत्तीत एक्सपोर्टमध्ये पासवर्ड आपोआप येत नाहीत. ते वेगळे जपून ठेवावे लागतात. दोन्ही फायली राऊटरमध्येच ठेवल्या तर काही उपयोग नाही.

मांडणीला अर्धा दिवस देणारा माणूस हाताशी असेल तर पाच पोर्टच्या या डब्यात व्यवस्थापनाचे जेवढे मिळते, तेवढे त्याच्या आकाराच्या यंत्रात क्वचितच मिळते. तसा माणूस नसेल, तर मोबाइल ॲपवर चालणारा साधा राऊटर घ्या.