अखाजीचा गेम: तयार दाखवावा, ट्वाइनमध्ये लिहावा की स्क्रॅचमध्ये हलवावा?

खानदेशातल्या शाळेत व्हिडिओ गेममधून संस्कृती शिकवायची, तर पहिला प्रश्न हाच: मुलांना गेम दाखवायचा की त्यांच्याकडून करून घ्यायचा?

दाखवायला एकच निवडायचा असेल तर 'नेव्हर अलोन' (2014) घ्या. अलास्कातल्या इन्युपियाक लोकांची गोष्ट, निवेदन त्यांच्याच भाषेत, जोडीला 24 छोटे माहितीपट. वादळ सुटलं की नूना नावाच्या मुलीला वाकून जमीन धरावी लागते, नाहीतर ती उडून जाते. तिथलं हवामान मुलांना बोटांतून कळतं. पुण्यात बनलेला 'राजी' (2020) चित्रकलेच्या तासाला छान, पहाडी शैलीची चित्रं आणि सावल्यांच्या बाहुल्या आहेत. पण मुलांचं लक्ष मारामारीतच अडकतं. 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'च्या डिस्कव्हरी टूरमध्ये (2018) प्राचीन इजिप्तच्या 75 सहली आहेत, लढाई अजिबात नाही. मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. शाळेतल्या जुन्या पीसीवर नाद सोडा.

यातला कुठलाच गेम अखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, शिकवणार नाही. ती मुलांनाच घडवावी लागेल, आणि ट्वाइन (वाचकाच्या निवडीनुसार वळणारी गोष्ट लिहायचं साधन) व स्क्रॅच (आज्ञांचे ठोकळे जोडून चित्रं हलवायचं साधन) दोन्ही मोफत आहेत.

विषय बोलण्याचा, निवडीचा असेल तर ट्वाइन. उदाहरणार्थ, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं) साल अखाजीला ठरतं: उचल (आगाऊ रक्कम) किती, धान्य किती, सुट्ट्या किती. एका मुलाने सालदार व्हायचं, दुसऱ्याने मालक. दुहेरी चौकटी कंसात पर्याय लिहिला की पुढचं पान आपोआप तयार होतं. सलग पाच निवडी, प्रत्येकी दोन पर्याय, आणि फांद्या जुळवल्या नाहीत तर पानं 63 होतात. म्हणून दर दोन निवडींनंतर वाटा पुन्हा एकत्र आणा. 15 ते 20 पानांत काम भागतं. अहिराणीतले संवाद लिहिताना एकच शब्द तीन मुलं तीन तऱ्हांनी लिहितील, तेव्हा शब्दयादी आधी फळ्यावर ठरवा. यावल-रावेरकडे असाल तर लेवा गणबोलीची यादी वेगळी. ब्राउझरमधल्या ट्वाइनचं काम त्याच ब्राउझरमध्ये साठतं. कुणी हिस्ट्री साफ करताना साइटचा डेटाही पुसला की सगळं गेलं. रोज फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. चित्रं फाइलच्या आत जात नाहीत, त्यामुळे व्हॉट्सॲपवर नुसती एचटीएमएल फाइल पाठवली तर चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. पूर्ण फोल्डर झिप करून द्या.

झोके, गौराई, घागर दाखवायची असेल तर स्क्रॅच. मंच 480 × 360 पिक्सेलचा. झोक्याचं चित्र काढताना दोरीचं वरचं टोक चित्र-संपादकातल्या मधल्या खुणेवर आणा, कारण स्प्राइट (मंचावर हलणारं चित्र) त्या बिंदूभोवती फिरतो. हे चुकलं की झोका भिंगरीसारखा गरगरतो. आजीच्या आवाजातलं गाणं एका कडव्याइतकंच रेकॉर्ड करा. लांबलचक फाइल चढत नाही. मराठी मजकूर मोठा असेल तर तो चित्र म्हणून आणलेला बरा.

पाचवी-सहावीला स्क्रॅच द्या. आठवीच्या पुढे आमचं मत ट्वाइनला, कारण तिथे घरच्यांना विचारल्याशिवाय पुढचं पान लिहिताच येत नाही. 'नेव्हर अलोन'चा वादळाचा भाग आधी एक तास दाखवा, मगच लिहायला बसवा. नाहीतर मुलं 'अखाजी कधी असते?' अशी प्रश्नमंजूषा करून त्यालाच गेम म्हणतील.